धुतलेली रेती

खाप्याला कन्हानच्या पात्रात मी पिशवीत रेती भरत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय मॅडम, रेती चोरून राहिल्या काय?"

मी दचकून उठले. खांद्यावर फावडं, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि डोळ्यांत हसू... तो आयुष. नदीकाठी त्याची संत्र्याची बाग. मी मधुवंती, नागपूरला पीएचडी करणारी आणि जन्मजात घाबरट. मी भराभर खुलासा केला – खळाळत्या पाण्यात रेती सोडली की भोवऱ्यांचं काय होतं, ते मी मोजते. बारीक कण भोवऱ्यांची ताकद खाऊन टाकतात. जाड कण मात्र आपल्यामागे नवे भोवरे सोडत जातात.

"आमच्या रुपरावमामासारखे! जिथं जातात तिथं गोंधळ."

मी हसले, तेव्हा तो लाजला. "दोन पोती मीच आणून देतो ना..."

पोती आली. गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेतल्या टाकीच्या खळाळत्या पाण्यात ती रेती सोडली. भोवरे शांत व्हायचे, तर ते वाढतच होते! शुक्रवारी बाराला समितीपुढे उभं राहायचं होतं. ही शेवटची संधी होती, नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

मी फोन लावला. "आयुष, रेती तीच आहे ना?"

"तीच. फक्त... तीनदा धुतली."

"काहून?"

"आमच्याकडे कोणाले काही द्यायचं तर साफ करूनच देतात. तुम्हाले मळकी कशी देऊ?"

मला रडूच कोसळलं. सगळे बारीक कण त्यानं प्रेमानं धुऊन टाकले होते.

शुक्रवारी सकाळी सातला तो न धुतलेल्या रेतीचं पोतं घेऊन प्रयोगशाळेच्या दारात हजर. तो मूठ-मूठ रेती सोडत होता, मी स्क्रीनकडे बघत होते. नऊ वाजले... दहा... आणि भोवऱ्यांची ताकद दाखवणारी रेषा खाली आली. त्यानं आनंदानं माझं मनगट धरलं – आणि चटका बसल्यासारखं सोडलं.

समितीला दोन्ही रेतींची तुलनाच जास्त आवडली. मी बाहेर आले तर तो बाकावर पांढराफटक पडून बसलेला.

"माझ्यापायी गेलं काय सगळं?"

"पास झाले!"

तो हसला आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. "मग आता रेती नाही लागणार..."

"नाही."

त्यानं रिकामं पोतं उचललं. समितीपुढेही माझी छाती इतकी धडधडली नव्हती.

"आयुष... रेती नको. पण तू येत जा. आवडतोस तू मला."

बोलले आणि भीतीनं डोळेच मिटून घेतले. उघडले, तेव्हा तो अगदी समोर उभा होता.

"खाप्याले कधी येता?" त्याचा आवाज कापत होता. "आईले सांगा लागंल."