बारकोडवाली इंपाला

"गंधार, हात धुतल्याशिवाय काचेला लावू नकोस!" अवनी ओरडली.

"अगं, काच पुसायलाच तर हात लावतोय!"

"बोटं वड्याची आहेत तुझी. पुसतोस कसली? तळतोयस तिला!"

मैत्री खुदकन हसली. मे महिन्याच्या सुट्टीत सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मॉडेल-शिबिर भरलं होतं. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून वीतभर लांबीची मोटार बनवायची, असं ते शिबिर. उद्या त्याचं प्रदर्शन होतं आणि काचेचं कपाट सजवायचं काम या तिघांकडे आलं होतं. कपाटात मधोमध एकच डबा ठेवायचा होता. तो होता तात्यारावांचा.

तात्याराव मैत्रीच्याच इमारतीत राहायचे. शिबिरात मुलांना शिकवायलाही तेच येत. त्यांचा शाळेतला मित्र माधव तरुणपणी अमेरिकेला गेला आणि तिथून त्याने एक डबा पाठवला. आत लांबलचक इंपाला मोटार, सगळी सुट्या भागांत! 'मी आल्याशिवाय जोडायची नाही. दोघं मिळून जोडू,' असं माधवनं बजावलं होतं. माधव पुण्यात यायचा, पण नेहमी घाईत. कधी कोणाचं लग्न, कधी कोणाचं आजारपण. डबा कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत पन्नासेक वर्षं पडून राहिला. आता मात्र माधवराव कायमचे पुण्याला येत होते, आणि तेही उद्या!

शिबिरातल्या मुलांना वाटलेले डबेही इंपालाचेच होते. पण ते नवे. "कंपनीनं जुना साचा पुन्हा बाहेर काढला, त्यात नवं प्लॅस्टिक ओतलं आणि डब्यावर चित्रसुद्धा जुनंच छापलं," तात्यारावांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "थोडक्यात काय, साचा आजोबांचा आणि गाडी नातवाची."

मैत्रीनं टेबलावरचा डबा उचलला आणि ती थबकली. तिनं तो नाकाशी नेला.

"काय गं, खायचाय का?" गंधारनं विचारलं.

"याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत नाहीये."

"बरंच आहे की!"

"बरं नाहीये! तात्याआजोबांच्या कपाटातल्या रुमालालासुद्धा तो वास येतो." मैत्रीनं डबा उलटा केला. खालच्या कोपऱ्यात काळ्या उभ्या रेघांचा एक छोटा चौकोन होता. "अवनी, हे बघ!"

"बारकोड!" अवनीचे डोळे विस्फारले. "पन्नास वर्षांपूर्वीच्या खेळण्यावर बारकोड कुठून येणार?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा डबा नवा होता. मग जुना कुठे गेला?

शिबिराचे संचालक दत्तप्रसादकाका खुर्चीवर उभे राहून फलक लावत होते. मैत्रीनं त्यांना डबा दाखवला.

"चित्र तेच आहे ना? मग डबाही तोच," ते वर बघतच म्हणाले.

"काका, पण बारकोड…"

"छापला असेल कोणीतरी."

"काल घरी न्यायला डबे वाटले, तेव्हा तात्याआजोबांचा डबा त्याच टेबलावर होता का? चुकून कोणाला दिला गेला असेल तर?"

"हे बघ बाळ, माझ्या हातून चुका होत नाहीत. त्या करायला मला वेळच नसतो."

"सगळ्यांना फोन करून विचारूया का?"

"आणि शिबिराची शोभा करून घेऊया? अजिबात नाही!"

तिघं जिन्यात येऊन बसले. शिबिरातलं कोणीतरी या क्षणी ती जुनी इंपाला कापत असेल, चिकटवत असेल, जांभळ्या रंगात बुडवत असेल! आणि उद्या माधवराव दारात उभे राहिल्यावर तात्याआजोबा त्यांच्यापुढे काय ठेवणार?

"पालकांच्या ग्रुपवर काका सोडून कोणाला लिहिता येत नाही," अवनी म्हणाली. "आणि ते तर लिहिणार नाहीत."

मैत्री एकदम उठली. "लिहितील. फक्त त्यांना ते स्वतःच्या डोक्यातून आलंय असं वाटायला हवं. गंधार, तुला गोड बोलता येतं का?"

"जन्म पुण्यातला आहे माझा. पण प्रयत्न करतो."

गंधार पुन्हा काकांपुढे जाऊन उभा राहिला. "काका, प्रदर्शनात जोडलेल्या गाडीशेजारी तिच्या सुट्या भागांचा फोटो लावला तर? वर मोठ्या अक्षरात तुमचं नाव. 'संकल्पना: दत्तप्रसाद!'"

काका खुर्चीवरून खाली उतरले. "मी कालपासून हाच विचार करतोय!" असं म्हणत त्यांनी लगेच फोन काढला आणि ग्रुपवर फर्मान सोडलं. 'सर्वांनी सुट्या भागांचा फोटो ताबडतोब पाठवावा. फोटो पाठवल्याशिवाय कोणीही भाग जोडू नयेत.'

"एका दगडात दोन पक्षी!" अवनी कुजबुजली.

फोटो येऊ लागले. काकांनी "तुम्हीच बघा रे" म्हणून फोन मुलांच्या हाती दिला आणि ते फलकाकडे वळले. प्रत्येक फोटो मैत्री मोठा करून पाहत होती. भाग पांढरेशुभ्र, स्टिकर कोरे करकरीत. सगळे डबे नवेच! शेवटी फक्त एक फोटो यायचा राहिला.

"स्वरालीचा," अवनी म्हणाली. "माझ्या शेजारीच बसते ती. कात्रजला राहते, डेअरीच्या मागच्या गल्लीत. तिच्या बाबांचा फोन लागत नाहीये."

मैत्रीनं आईची परवानगी काढली. तिघांनी स्वारगेट गाठून कात्रजची बस पकडली. बस रखडत चालली होती, गंधार लस्सीचा विषय काढत होता आणि मैत्री खिडकीबाहेर बघत प्रत्येक सिग्नलवर मनातल्या मनात चरफडत होती.

दार स्वरालीनंच उघडलं. "तुम्ही इथे?"

"तुझी इंपाला कुठाय? जोडलीस का?" मैत्रीनं धापा टाकत विचारलं.

"कशी जोडणार? खराब डबा आला मला! पुढची काच वितळलेली, स्टिकर पिवळे पडलेले, आणि वास तर असा की आई डबा घरात ठेवू देईना. बाबांनी दत्तप्रसादकाकांना फोन केला, तर ते म्हणाले, 'आमच्याकडचा माल खराब नसतो.' मग काय…"

"मग काय?"

"बाबा आत्ताच रद्दी घेऊन गेलेत. त्यात टाकला."

पुढचं ऐकायला कोणी थांबलंच नाही! स्वराली पुढे आणि तिघं मागे, अशी वरात गल्लीतून धावत सुटली. कोपऱ्यावरच्या रद्दीच्या दुकानात स्वरालीचे बाबा, संजयकाका, उभे होते. काट्यावर वर्तमानपत्रांचा ढीग होता, आणि त्याच्या डोक्यावर इंपालाचा डबा! दुकानदारानं पुठ्ठा सपाट करायला हात उगारला होता.

"थांबा!" चौघं एकदम किंचाळली.

दुकानदाराचा हात हवेतच राहिला. मैत्रीनं डबा ओढून छातीशी धरला. डांबराच्या गोळ्यांचा असा घमघमाट आला की तिला शिंक आली. इतका सुंदर वास तिनं आयुष्यात घेतला नव्हता!

सगळी हकिकत कळल्यावर संजयकाकांनी कपाळावर हात मारला. "अरे बापरे! मी निदान आत नीट पाहायला हवं होतं. चला, मीच रिक्षानं सोडतो तुम्हाला."

संध्याकाळी स्वरालीसह तिघांनी तात्यारावांचं घर गाठलं. मैत्रीनं त्यांच्यासमोर डबा ठेवला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. काचेबद्दल सांगताना मात्र तिचा आवाज बारीक झाला. टायर टेकून राहिले होते तिथे काचेला दोन खोल खड्डे पडले होते.

तात्यारावांनी ती काच उजेडात धरली.

"कोणाची चूक नाही गं," ते म्हणाले. "तेव्हाचे टायर वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या काचेला टेकले की ती विरघळते. आम्ही जपून ठेवली ना, तिथेच चुकलं."

"पण आजोबा, साचा तोच आहे ना?" मैत्री हळूच म्हणाली. "म्हणजे नव्या डब्यातली काच हिला बसेल!"

"बसेल की. पण हॉलमधला तो नवा डबा खरं तर स्वरालीचा आहे. तिच्या गाडीचं काय?"

स्वराली क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "काच तुम्ही घ्या, आजोबा. माझी गाडी बिनकाचेची. कात्रजच्या घाटात वारा छान लागतो."

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात सगळ्यात मोठी गर्दी कपाटासमोर नव्हती, एका साध्या टेबलाभोवती होती. तिथे दोन म्हातारे चष्मे सावरत भांडत होते.

"तात्या, इंजिन उलटं बसवतोयस!"

"पन्नास वर्षं उशिरा आलास, आता सूचना करू नकोस!"

दत्तप्रसादकाका पाहुण्यांना सांगत होते, "ही संकल्पना माझीच."

"बरोबर आहे," तात्याराव मान वर न करता म्हणाले. "डबा हरवण्याची यांची. शोधण्याची या चौघांची."

सगळा हॉल हसला. काकांनी घाम पुसला आणि पाहुण्यांसमोरच म्हणाले, "चूक झाली, तात्याराव. मुलांनी लाज राखली."

माधवरावांनी चौघांकडे निरखून पाहिलं. "तात्या, या पोरांमुळे इंपाला रद्दीतून परत आली. आपल्या हाती राहिली असती, तर ती जोडायच्या आधी आपणच रद्दीत निघालो असतो!"

आता फक्त काच बसवायची राहिली होती. तात्यारावांनी चिमटा उचलला, पण त्यांचा हात थरथरत होता. त्यांनी माधवरावांकडे पाहिलं. त्यांचाही हात तसाच.

तात्यारावांनी आपली खुर्ची मागे सरकवली. "मैत्री, इथे बस. काच तू लाव."

"मी? आजोबा, चुकलं तर?"

"चुकणारे इथे पुष्कळ आहेत. तू बस."

मैत्री बसली. तिनं श्वास रोखला, नवीकोरी काच चिमट्यात धरली आणि जुन्या इंपालाच्या कपाळावर अलगद टेकवली.

टक्! काच चपखल बसली.