रडलेल्या बाळाचं दुपटं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण वाचून झाल्यावर 'छान रंगवलंय' एवढं म्हणू नका. यात रंगवलेलं काही नाही. थोरा विपॉन्ड माझ्या आईची जन्माची मैत्रीण. आणि शेवटचा प्रसंग घडला तेव्हा मी स्वतः तिथे उभी होते.

आमचं गाव हार्थवेल. उत्तर इंग्लंडातल्या वीअरडेल खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला.

दोन हजार नऊ सालचा नोव्हेंबर. गुरुवारची संध्याकाळ. संध्याकाळ म्हणायची आपली, नोव्हेंबरात आमच्याकडे चहाच्या वेळेलाच मिट्ट काळोख होतो.

थोराच्या पुढच्या खोलीत गोधडीची लाकडी चौकट मांडलेली होती. एका बाजूला थोरा, समोर माझी आई, डॉर्कस. मध्ये ताणून बसवलेलं एक बाळाचं दुपटं.

गावात मूल जन्मलं की चॅपलच्या, म्हणजे आमच्या छोट्या चर्चच्या, बायका त्याच्यासाठी दुपटं शिवतात. घराघरांतून तुकडे येतात. कुणाच्या ॲप्रनचा, कुणाच्या शर्टाच्या खालच्या कडेचा, कुणाच्या जुन्या पडद्याचा. सगळ्या गावाने मिळून बाळाला पांघरूण घातल्यासारखं ते असतं. नियम फक्त दोन. मेलेल्या माणसाच्या कपड्याचा तुकडा लावायचा नाही. आणि दुपटं द्यायचं ते रडलेल्या बाळालाच. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं, बाळाने टाहो फोडला, की तिथल्या तिथे अंगावर घालायचं.

हे नियम कुणी केले ते कुणालाच ठाऊक नाही. पण त्यांच्या राखणीला थोरा होती. तिच्यापुढे चॅपलच्या पाद्र्याचंही काही चालत नसे.

या वेळचं दुपटं मात्र तिच्या स्वतःच्या नातीचं होतं. कॉलिन हा तिचा एकुलता एक मुलगा, न्यूकॅसलला असतो. बारा वर्षं वाट बघून त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या, जिलियनच्या, घरी पाळणा हलला होता. पोरीचं नाव टॅम्सिन. रविवारी बाप्तिस्मा. थोराला दुसरं काही सुचत नव्हतं. नातीच्या अंगावर आपल्या हातचं दुपटं पडलेलं बघायचं, बस्स.

"हे कापड कुणाचं गं?" आईने एका तुकड्यावर बोट ठेवलं. बारीक निळ्या फुलांचं, तलम सुती कापड. असं कापड आता मिळतच नाही.

"होतं पडलेलं," थोरा म्हणाली.

"कुठे पडलेलं?"

"डॉर्कस, तू शिवायला आलीस की उलटतपासणी घ्यायला?"

आईने सुई हातात घेतली. पण तिने ते कापड ओळखलं होतं.

ते आयडाचं होतं.

आयडा म्हणजे थोराची मोठी जाऊ. दोघींची घरं समोरासमोर, मध्ये फक्त गल्ली. सदतीस वर्षांपूर्वी आयडाला मुलगी झाली. झाली म्हणजे... जन्मली तीच निष्प्राण. आयडाने आधीच हौसेने तिच्यासाठी निळ्या फुलांची झबली शिवून ठेवली होती. दिवस भरायच्या आत झबली शिवू नयेत म्हणतात. तिने शिवली.

पोरीला पुरायच्या आदल्या दिवशी आयडा उठून चॅपलमध्ये आली. बायका चौकटीभोवती बसल्या होत्या. कपाटात एक तयार दुपटं घडी घालून ठेवलेलं होतं.

"तेवढं द्या गं मला," ती म्हणाली. "जमीन फार गार आहे."

थोरा तेव्हा पंचविशीची होती, पण तोरा पहिल्यापासून तोच. ती म्हणाली, "आयडा, मला वाईट वाटतंय. पण दुपटं रडलेल्या बाळालाच मिळतं. आज तुझ्यासाठी नियम मोडला तर उद्या कुणीही येईल."

"ती रडली असती तर मी इथे आलेच नसते, थोरा."

एवढं बोलून आयडा निघून गेली. बाकीच्या बायका सुयांत दोरे ओवत राहिल्या. माझी आईही त्यांच्यातच होती. ते दुपटं पुढच्या महिन्यात खाटकाच्या मुलाला मिळालं.

त्यानंतर आयडा थोराशी एक शब्द बोलली नाही. सदतीस वर्षं! समोरासमोर दारं, रोज तोंड दिसायचं, आणि शब्द नाही. आयडाचा नवरा गेला, मग थोराचा गेला, तरी नाही. त्या सप्टेंबरात आयडाही गेली. मागे रडणारं कुणी नव्हतं, म्हणून घर आवरायला थोराच गेली. एका खणात तिला ती झबली सापडली. कागदात गुंडाळलेली, कोरी करकरीत.

आणि थोराने ती कापली.

"मेलेल्याच्या कपड्याचा नियम आहे ना गं?" आईने शेवटी विचारलंच. "हे आयडाच्या पोरीचं आहे. मला कळत नाही असं समजू नकोस."

"तिने घातलंय का कधी?" थोरा फटकन म्हणाली. "कुणाच्याच अंगाला न लागलेलं कापड मेलेल्याचं कसं होईल?"

दुसऱ्याच्या वेळी कायदा आणि आपल्या वेळी फायदा. आई मनात म्हणाली, मोठ्याने नाही.

दोघी शिवत राहिल्या. गोधडीला टाके घालताना उजवा हात वर असतो आणि डावा चौकटीखाली. सुईचं टोक खालच्या बोटाला टोचलं की समजायचं, टाका तिन्ही थरांतून आरपार गेला. खालचा हात दिसत नाही. त्याला फक्त कळत असतं.

थोरा निळ्या तुकड्यावर आली. सुई खुपसली. बोटाला टोक टोचायला हवं होतं...

टोचलं नाही.

तिने पुन्हा खुपसली. सुई अर्धी आत गेली होती. खाली काहीच लागलं नाही.

मग काहीतरी लागलं.

गार. मऊ. अगदी लहान.

कुणीतरी तिचं बोट मुठीत धरलं होतं.

ज्यांनी तान्हं मूल हाताळलंय त्यांना ती पकड माहीत असते. बोट तळव्यात दिलं की बाळ घट्ट धरतं आणि सोडत नाही. तशीच पकड. फक्त त्या मुठीत ऊब नव्हती...

"डॉर्कस," थोरा हळूच म्हणाली, "तुझा हात कुठे आहे?"

आईने दोन्ही हात वर करून दाखवले.

थोराने हात खेचला. चौकट कलंडली, चहाचा कप फुटला. आईने वाकून खाली पाहिलं. सतरंजी आणि दोऱ्याचं रीळ, दुसरं काही नाही.

थोराचं बोट मात्र पांढरंफटक पडलं होतं. पार मुळापर्यंत.

"उसव ते तुकडे. आत्ताच्या आत्ता," आई म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? हात आखडला असेल. वय झालं माझं."

तेवढ्यात फोन वाजला. कॉलिन होता. आवाजात नुसता आनंद.

"आई, चमत्कार झाला! आमचा भोंगा बंद पडला. दुपारपासून भोकाड पसरलं होतं पोरीने. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, रडता रडता एकदम गप्प झाली. डोळे उघडे आहेत, खेळतेय. जिलियन तर म्हणतेय, देवच पावला."

थोराने फोन खाली ठेवला. बोट चोळलं. मग तिने चौकट सरळ केली आणि दुपटं पुरं केलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते अशांनाच.

रविवारी चॅपल भरलं होतं. पाद्र्याने टॅम्सिनच्या डोक्यावर पाणी घातलं. बर्फासारखं गार असतं ते पाणी.

सगळे वाट बघत होते...

पोरगी रडली नाही.

पाद्र्याने पुन्हा थोडं पाणी घातलं. ती टकामका बघत राहिली. म्हाताऱ्या बायकांच्या नजरा एकेक करून थोराकडे वळल्या. थोरा दुपटं हातात घेऊन उभी होती. तिचा नियम, तिचीच नात.

तिने पुढे होऊन दुपटं पोरीवर घातलं. नंतर चहाला फारसं कुणी थांबलं नाही.

टॅम्सिन पुढेही रडली नाही. भूक लागली तरी नाही, लस टोचली तरी नाही. डॉक्टर म्हणाले, घसा उत्तम आहे, कान उत्तम आहेत, मूल गुणी आहे, नशीब समजा. पण जिलियनचा फोन यायचा तेव्हा तिच्या आवाजात नशीबवान माणसाचं सुख नसायचं.

"आई, भूक लागली की ती तोंड उघडते. ओठ थरथरतात, डोळ्यांतून पाणी येतं. आवाजच येत नाही हो. जणू कुणीतरी..."

एवढं म्हणून ती फोन ठेवायची.

थोराला पुढचं ठाऊक होतं. कारण आवाज तिला येत होता.

समोरच्या बंद घरातून.

पहिल्यांदा ऐकला तो डिसेंबरात, दूधवाला येऊन गेल्यावर. तिला वाटलं मांजर आहे. मग वाटलं, कुणाचा रेडिओ. मग ती दारात जाऊन उभी राहिली... ते रडणं तिच्या ओळखीचं होतं. सुरुवातीला दोन उचक्या आणि मग लांब तान. कॉलिनने फोनवरून कितीदा ऐकवलं होतं, हसत हसत.

आयडाच्या घरात टॅम्सिन रडत होती.

त्या दिवशी थोराचा तोरा उतरला. ती न्यूकॅसलला गेली आणि धुवायला नेते सांगून दुपटं घेऊन आली. निळ्या फुलांचे सगळे तुकडे उसवले. त्यांचं एक वेगळं, इवलंसं दुपटं शिवलं. इतकं बारीक काम तिने आयुष्यात केलं नव्हतं, असं आई सांगायची. शिवताना ती रडत होती आणि तोंडाने आयडाला शिव्याही देत होती.

आईला सोबत घेऊन ती थडग्यावर गेली. मायलेकी एकाच ठिकाणी आहेत. दुपटं अंथरून चारही टोकांना दगड ठेवले.

"घे बाई," थोरा म्हणाली. "रडली तुझी पोर. मी माझ्या कानांनी ऐकलं. आता तिचा हक्क आहे. घे, आणि माझ्या नातीचं तिला परत दे."

वारा पडलेला होता. काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोराने दार उघडलं...

पायरीवर निळे तुकडे ठेवलेले होते. एकावर एक रचलेले. टाकान् टाका उसवलेला. धुतलेले, इस्त्री केलेले. शेजारी दोरा गुंडाळून ठेवलेला, एवढासाही न तोडता.

फेकून दिले असते तरी चाललं असतं. इतक्या नीट परत केलेलं बघून थोरा पायरीवरच बसली.

तिने पुन्हा शिवलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा परत आलं. पाद्र्याला घेऊन गेली, त्याने प्रार्थना म्हटली. सकाळी पायरीवर तुकडे. हातापाया पडून झालं, धमकावून झालं. तुकडे घरात ठेवले, तर समोरचं रडणं वाढायचं. जाळायला गेली, तर ते पेट घेईनात.

"तिला दुपटं नकोय गं," आई एकदा म्हणाली. "हवं होतं तेव्हा हवं होतं."

थोराने तिला घराबाहेर काढलं. दोघी पुन्हा बोलल्या, पण आधीसारख्या नाहीत.

आयडाचं घर कुणी विकत घेतलं नाही. लोक बघायला यायचे, पाच मिनिटांत बाहेर पडायचे. कारण कुणीच सांगायचं नाही.

आता शेवटचं. हे मी पाहिलेलं आहे.

टॅम्सिन सात वर्षांची होती. बोलायची, हसायची, फक्त रडण्याला आवाज नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे आली होती. मी थोरासाठी अंडी घेऊन गेले होते, दोघी दारातच बोलत होतो. लख्ख ऊन होतं. पोरगी गल्लीच्या दगडी कुंपणावरून चालत होती.

दगड निसटला. ती खाली आली ती हातावरच.

हाड मोडल्याचा आवाज मला दारापर्यंत आला. ती उठली. हात कोपराच्या खाली भलत्याच दिशेला लोंबत होता. तोंड उघडं, चेहरा पांढरा, गालांवरून पाणी. आवाज नाही.

आणि त्याच क्षणी... समोरच्या बंद घरातून किंकाळी आली.

मग रडणं. दोन उचक्या आणि लांब तान.

ते तान्ह्या बाळाचं रडणं नव्हतं. सात वर्षांच्या मुलीचं होतं.

माझ्या हातातली अंडी कधी पडली ते मला कळलं नाही. थोराने दाराची चौकट धरली होती. ती नातीकडे बघतच नव्हती. तिची नजर त्या घराच्या वरच्या खिडकीवर होती. मीच धावत जाऊन पोरीला धरलं.

टॅम्सिन थरथरत होती. पण घाबरलेली मुळीच नव्हती. चांगला हात तिने आजीच्या दिशेने केला.

"आजी," ती म्हणाली, "तिला सांग ना, इतकं नको रडू. माझं फार दुखत नाहीये."