टिकोजीची खंडेनवमी

भिलाऱ्यांच्या महाबळेश्वरच्या घरातली गॅसची शेकोटी रोज कशी शहाण्यासारखी निळी जळायची! खंडेनवमीच्या संध्याकाळी मात्र तिला काय झालं कोण जाणे. ज्योत पिवळीजर्द आणि समोरची काच काळीकुट्ट!

"त्या टिकोजीचंच काम असणार!" आई कडाडली. टिकोजी म्हणजे घरातला यंत्रमानव. मागच्याच आठवड्यात त्यानं आमटीत कपड्यांचा साबण घातला होता. "उद्याच्या उद्या कंपनीत परत!"

शाल्मली आजोबांकडे धावली. टिकोजीशिवाय घर? छे! "आजोबा, काहीतरी करा ना!"

आजोबांचा सगळा जन्म ज्वलनाच्या (जळण्याच्या क्रियेच्या) अभ्यासात गेलेला. त्यांनी आधी गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. सगळे कुडकुडायला लागले.

"शामे, नाकतोंड दाबून धाव बघू."

शाल्मली दारापर्यंत गेली आणि धापा टाकत थांबली.

"शेकोटीचं हेच झालंय," आजोबा म्हणाले. "हवा भरपूर मिळाली की गॅस पुरता जळतो. ही आपली शेकोटी मग निळी दिसते. हवा कोंडली की अपूर्ण ज्वलन (अर्धवट जळणं) होतं. काजळी धरते, आणि कार्बन मोनॉक्साइड (रंग नाही, वास नाही असा विषारी वायू) तयार होतो. महालबाड! म्हणून तर भिंतीवर ती धोक्याची घंटा लावलीय. ती वाजायच्या आत आपण पाहिलं, नशीब!"

शेकोटी गार झाल्यावर त्यांनी जाळी काढली. बर्नरच्या भोकांत अक्षता! हवेच्या झरोक्यावर झेंडूची माळ!

"आईसाहेबच म्हणाल्या," टिकोजी घरघरला, "सगळ्या यंत्रांची पूजा कर, एकही सोडू नकोस."

आईनं जीभ चावली.

आजोबांनी कोरड्या ब्रशनं अक्षता झाडल्या, धुराडं मोकळं आहे ना ते पाहिलं आणि बजावलं, "मेकॅनिक तपासेपर्यंत पेटवायची नाही. दरवर्षी तपासून घ्यायचीच, नुसतं कुंकू लावून भागत नाही."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक येऊन गेला आणि ज्योत पुन्हा निळीशार झाली. शाल्मली टाळ्या पिटत टिकोजीला बोलवायला धावली. तो कोपऱ्यात तव्यासारखा तापून बसला होता. तिनं त्याची पाठ वळवली, तर त्याला गार ठेवणाऱ्या पंख्यावरही झेंडूची माळ!

"अरे वेड्या, हे काय?"

"मीही यंत्रच ना, ताई?"

आईनं पुढं होऊन ती माळ हळूच सोडवली. "पुढच्या वर्षी आधी साफसफाई, मग पूजा. आणि फुलं झरोक्यापासून लांब. कळलं?"

"पुढच्या वर्षी? म्हणजे मी कंपनीत..."

"गप्प बस," आई डोळे पुसत म्हणाली, "आधी नीट श्वास घे."