सादरीकरणाला गैरहजर

रेकॉर्डिंग स्टुडिओचं दार उघडलं तेव्हा मुलगी दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. दार बाहेर उघडताच ती मागच्या मागे कलंडली.

तिच्या मुठी लाल झाल्या होत्या. ओरडून ओरडून घसा पार बसला होता.

"किती वाजले?" तिने विचारलं.

साडेबारा होऊन गेले होते. तिचं सादरीकरण अकराला होतं.

विद्यापीठाच्या दक्षता अधिकारी बाई पाच मिनिटांत आल्या. वीस वर्षं पोलिसात काढून त्या इथे आल्या होत्या. तिकडे गुन्हेगार निदान पळून तरी जायचे, इथे सगळे खुर्ची देऊन चहा विचारतात, ही त्यांची कायमची तक्रार. त्या पोहोचल्या तेव्हा स्टुडिओवाला दाराशी शिडी लावून वर काहीतरी फिरवत होता.

"खाली या आधी," बाई म्हणाल्या.

"आलोच. काल संध्याकाळी हा बल्ब उडाला. दुकान उघडल्यावर घेऊन आलो. म्हटलं आधी दार उघडून वायर बघावी, तर ही बया आत."

"दार आतून उघडत नाही?"

"आतली मूठ कधीची निखळली आहे. अर्ज देऊन थकलो. म्हणून कुणी एकटं आत बसलं की बाहेरून दाराखाली पाचर सारतो. दार किलकिलं राहतं."

पाचर दाराखाली नव्हती. बाहेरच्या फळीवर होती, जिथे स्टुडिओत जाणारे आपापले फोन काढून ठेवतात. मुलीचा फोनही तिथेच होता, आवाज बंद केलेला, मिस्ड कॉलनी भरलेला.

मुलीला सगळे बारकी म्हणत. अंगाने तशीच होती. संज्ञापन विभागात तिची पीएचडी चालू होती, आणि आज तिचं तिसरं वर्ष पुरं होत होतं. इस्पितळाच्या चौकशी खिडकीवर लोकांना काय सांगितलं जातं आणि त्यांना त्यातलं काय कळतं, हा तिचा विषय. विभागाचं नाव संज्ञापन असलं तरी तिथे कुणी कुणाला काही वेळेवर सांगत नसे, हे बाईंना अनुभवाने ठाऊक होतं.

"आत कशाला गेली होतीस?"

"सरावाला. शांत जागा हवी होती. विभागप्रमुख मॅडमच काल म्हणाल्या, सकाळी स्टुडिओत बस, कुणी त्रास देणार नाही. किल्लीही त्यांनीच दिली."

"पाचर लावली होतीस?"

"हो. मग दाराकडे पाठ करून हेडफोन चढवला. स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकत होते. हेडफोन काढला तर दार बंद."

"आणखी कुणाला माहीत होतं तू इथे आहेस ते?"

"नाही. कुणालाच नाही." तिने पाण्याचा घोट घेतला. तो गिळतानाही तिला त्रास झाला. "भिंतींना फोम, दाराला रबर. कितीही ओरडलं तरी आवाज बाहेर जात नाही. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं, मीच ओरडत नाहीये."

बाईंना तिची फार दया आली. पण दयेने काम भागणार नव्हतं. नियम असा होता: तीन वर्षं शिष्यवृत्ती मिळते, तिच्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी समितीपुढे सादरीकरण. उत्तीर्ण झालं की चौथ्या वर्षी लेखनवृत्ती. मग शिकवणं नाही, फक्त प्रबंध लिहायचा. गैरहजर राहिलं की शिष्यवृत्ती संपली आणि वसतिगृहातली खोलीही गेली. आजार, अपघात, बंद रस्ता, नियमाला सगळं सारखंच. फक्त कुणी मुद्दाम अडवलं असं सिद्ध झालं, तर समिती त्याच दिवशी पुन्हा ऐकून घेऊ शकत होती.

समितीचे बाहेरून आलेले परीक्षक चारच्या गाडीने परत जाणार होते.

"खोली गेली तर मी कुठे जाऊ?" बारकीने विचारलं. "घरी सांगून आले होते, डॉक्टर होऊनच येईन."

बाई उठल्या.

बारकीच्या शेजारच्या टेबलावर एक उंच मुलगा बसायचा. तो लंबू. त्याला शिष्यवृत्ती नव्हती, म्हणून वर्गही नव्हते. लेखनवृत्ती एकच होती, आणि प्रतीक्षा यादीत पुढचा नंबर त्याचा होता. म्हणून बाईंनी आधी त्यालाच गाठलं.

"सकाळी कुठे होतास?"

"तिलाच शोधत होतो. साडेदहा झाले तरी पत्ता नाही. मॅडमनी मला वाचनालयात पाठवलं, मग वसतिगृहावर. पळून पळून पाय मोडले."

"स्टुडिओत पाहिलं नाहीस?"

"समोरून गेलो की. दार बंद, वर दिवा नाही. लाल दिवा लागला असेल तर आत रेकॉर्डिंग, नसेल तर आत कुणी नाही, असंच आम्ही धरतो." मग म्हणाला, "माझ्यावर संशय येणार, हे मला कळतंय. लेखनवृत्ती मलाही हवीच आहे, बाई. पण अशी नाही."

बारकीचे मार्गदर्शक सर खोलीत येरझाऱ्या घालत होते. परवाच त्यांचं आणि तिचं वाजलं होतं. प्रकरण तिसरं त्यांना पसंत नव्हतं.

"ती आली नाही तेव्हा समितीला तुम्ही काय सांगितलं?"

"तयारी झाली नसेल म्हणून आली नसेल, असं." सरांचा चेहरा पडला. "मला तसंच वाटलं हो. माझ्या बोलण्याने ती दुखावली होती."

"स्टुडिओकडे गेला होता?"

"मी सकाळपासून या मजल्यावरून हललो नाही. समितीचे लोक माझ्यासमोर बसले होते."

ते खरं निघालं.

विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत बाईंना खुर्ची मिळाली आणि चहाही. मॅडमवर सगळ्यांचा जीव. कुणाची फी अडली, कुणाला ताप आला, मॅडम धावून जाणार.

"पोर हकनाक अडकली," मॅडम म्हणाल्या. डोळे खरंच भरले होते. "मी स्वतः स्टुडिओपाशी गेले होते. पण लाल दिवा लागलेला, म्हणून दार वाजवलं नाही. तेवढं केलं असतं तर!"

"आता तिचं काय होणार?"

"मी आहे ना. नियम काही म्हणो, विभागप्रमुखाच्या खास शिफारशीवर एक वर्ष मुदतवाढ मिळते. शिष्यवृत्ती जुन्याच अटींवर चालू राहील, खोलीही राहील. मी तिला रस्त्यावर येऊ देईन का?"

बाईंनी चहा संपवला. चहा चांगला होता, त्यामुळे त्यांना आणखीच वाईट वाटलं.

समितीच्या खोलीत सगळे जमले तेव्हा परीक्षकांनी बॅग भरून पायाशी ठेवली होती. बारकी दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती.

"अपघातच म्हणायचा ना?" परीक्षकांनी विचारलं.

"पाचर दाराखालून निसटली असती तर जमिनीवर सापडली असती," बाई म्हणाल्या. "ती फळीवर होती. लाकडाला पाय फुटत नाहीत. कुणीतरी ती काढली, दार लोटलं आणि पाचर व्यवस्थित वर ठेवली. नीटनेटक्या माणसाचा हात आहे."

लंबूने मान खाली घातली.

"तू वर बघ," बाई त्याला म्हणाल्या. "तू म्हणालास, दिवा लागलेला नव्हता. तू दार लावलं असतंस तर दिवा लागला होता म्हणणं तुझ्या सोयीचं होतं. पण दिवा लागणं शक्यच नव्हतं. त्याचा बल्ब काल संध्याकाळीच उडाला होता, आणि आज दुपारी मी आले तेव्हा नवा बसत होता. म्हणजे तू जे दिसलं ते सांगितलंस."

मग एकेक मान मॅडमकडे वळली.

"मॅडम, तुम्हाला तो लागलेला दिसला."

"सवयीने म्हणाले असेन," मॅडम म्हणाल्या. "इतक्या वर्षांची सवय."

"तेच म्हणते मी. त्या दाराकडे कुणाला शोधायला गेलेला माणूस आधी वर दिव्याकडे बघतो. तुम्ही वर पाहिलंच नाही, कारण तुम्ही पाचर काढायला खाली वाकला होता. दार का उघडलं नाही याचं कारण द्यायची वेळ आली, तेव्हा इथला प्रत्येक जण देतो तेच कारण तुम्ही दिलंत."

"हा काय पुरावा झाला?"

"एवढाच नाही. ती स्टुडिओत आहे हे फक्त तुम्हाला माहीत होतं. जागा तुम्ही सुचवली, किल्ली तुम्ही दिली. आणि शोधाशोध सुरू झाली तेव्हा तुम्ही या मुलाला कुठे पाठवलंत? वाचनालयात. मग वसतिगृहावर. स्टुडिओचं नावही काढलं नाहीत."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"पण मॅडमना यातून काय मिळणार?" परीक्षकांनी विचारलं. "त्या तर तिला मुदतवाढ देत होत्या."

"तेच मिळणार होतं. ती आज उत्तीर्ण झाली असती तर लेखनवृत्तीवर गेली असती आणि तिचं शिकवणं सुटलं असतं. मुदतवाढ म्हणजे जुन्याच अटी. आणखी एक वर्ष पहिल्या वर्षाचे सगळे वर्ग तिच्या गळ्यात. वर पुन्हा उपकार मॅडमचे."

मॅडम बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"दोन जागा कधीच्या रिकाम्या आहेत. भरत नाहीत. वर्ग मात्र भरलेले असतात. जूनमध्ये ती पोरं बाकांवर येऊन बसतील, तेव्हा त्यांच्यासमोर मी कुणाला उभं करू? ही गेली की विभाग बंद करा म्हणतील. एक वर्षाचा तर प्रश्न होता. मला नऊ वर्षं ठेवून घेतलं होतं माझ्या प्रमुखांनी. मी काही मेले नाही."

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "याची लेखी नोंद होईल," ते म्हणाले. मग बारकीकडे वळले. "गाडी गेली तर उद्याची आहे. आत्ता बोलू शकाल?"

बारकी उठली. पण ती पडद्याकडे गेली नाही. मॅडमच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज इतका खोल गेला होता, की सगळ्यांना पुढे झुकून ऐकावं लागलं.

"मॅडम, दार लागल्यावर मी सगळ्यात आधी तुम्हालाच हाका मारल्या. शेवटपर्यंत तुम्हालाच मारत होते."

मॅडमनी पदर तोंडाशी नेला.

बारकी पडद्याकडे वळली. लंबूने प्रोजेक्टर सुरू केला, सरांनी पाण्याचा ग्लास तिच्या हाताशी सरकवला, आणि तिने बसक्या आवाजात पहिलं वाक्य म्हटलं.