पुन्हा भेटू

लियाओ आजोबांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, हातातला पाना पुसून ठेवला आणि बाहेर स्टुलांवर बसलेल्या पोरींना सांगितलं, की ही गोष्ट ऐकीव नाही. जिची आहे, तिची स्कूटर त्यांच्याच हाताखालून गेलेली आहे.

दोन वर्षांपूर्वीची, सातव्या महिन्याची, म्हणजे मेलेले परत येतात त्या महिन्याची, चौदावी रात्र. साडेआठ वाजलेले. दुसऱ्या दिवशी पितरांना, आणि ज्यांचं नाव या महिन्यात घेत नाहीत त्यांनाही, पान वाढायचं होतं. म्हणून आईने वान-चेनला मामाकडून शिजवलेलं बदक आणायला धाडलं.

वान-चेन तेव्हा एकोणीस वर्षांची. पंधराव्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर झाला, सतराव्या वर्षी बरी होऊन घरी आली. डॉक्टर म्हणत होते, आता काही नाही. पण बरोबरच्या मुली पुढे निघून गेल्या होत्या. भेटल्या की तिच्या नव्या केसांना छान म्हणायच्या आणि मग गप्प बसायच्या. दूर तैनान शहरातल्या कॉलेजात जागा मिळाली होती. होकार दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचा होता, आणि ती कळवत नव्हती. आई आधी रागावली, मग रडली. वान-चेन म्हणायची, बघू.

कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून घरी निघताना आपल्याकडे कुणी ‘पुन्हा भेटू’ म्हणत नाही. तिच्या तोंडून ते निघून गेलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या मिन-छ्याओला.

मिन-छ्याओ हसली होती. “वेडे, इथे?”

पंधरा दिवसांनी ती गेली. तेव्हापासून वान-चेनच्या मनाने घेतलं होतं, की शब्द दिलाय. आजार परत येणार आणि आपल्याला तिच्याकडे नेणार.

बदकाचा डबा पायाशी ठेवून ती परत निघाली. कालव्याकडेचा रस्ता. दोन्ही बाजूंना भात. एक कुत्रं भुंकत मागे लागलं… आणि मध्येच गप्प झालं.

पुलावर स्कूटर जड झाली. मागे कुणी बसावं तशी.

तिने आरशात पाहिलं नाही.

“वान-चेन…”

या महिन्यात रात्री मागून हाक आली तर ओ द्यायची नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. तीही जाणत होती. पण त्या आवाजात तिला दोन वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

“…हं.”

नुसतं इंजिन.

“बदक आहे ना? दवाखान्यात आपल्याला नुसती पेज.”

वान-चेनने डबा पायांनी घट्ट धरला.

“म्हणाली होतीस, पुन्हा भेटू.”

“…हो.”

“मग? भेटलो.”

मानेवर गार वारा.

“झाला तुझा शब्द पुरा. आता तिकडे यायचं नाही.”

वान-चेनला बोलायचं होतं. नेऊ नकोस म्हणायचं होतं, की जाऊ नकोस, तिचं तिलाच कळेना. तोंड उघडेपर्यंत पूल संपला. स्कूटर हलकी झाली. एकदम हलकी.

घरी आल्यावर तिने डबा ओट्यावर ठेवला, उभ्या उभ्याच फोनवरून होकार कळवला, आणि मग खूप रडली. आता तैनानला शिकते आहे. एकटीच राहते. पण सुट्टीत आली की पुढच्या वर्षीचं बोलते. आधी कधी बोलत नसे.

एक पोरगी म्हणाली, “आजोबा, डुलकी लागली असेल हो तिला.”

आजोबा रागावले नाहीत. असेलही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई ऑइल बदलायला स्कूटर घेऊन आली होती.

“मागे बसणाऱ्याने पाय टेकायचे ते दोन खुंटे असतात ना? तिच्या स्कूटरचे आत मिटलेलेच गंजून बसले होते. मी आधी एकदा हातोडीने ठोकून पाहिले होते. हलेनात, तेव्हा नाद सोडला होता.”

मग त्यांनी पाना पुन्हा उचलून पुसला.

“त्या सकाळी दोन्ही उघडे होते.”