दुसरा ठिपका

समाधान, तो मोबाइल उलटा ठेव. सारिका, तूही जवळ सरक. लाईट येईल तेव्हा येईल. गोष्ट माझ्या मित्राची आहे, रुपचंदची, आणि तो माझ्यापुढे थापा मारत नाही.

धुळ्यात भर बाजारात सुगंधा टॉकीज होती. तिथे रुपचंद ऑपरेटर होता, पण दोन नंबरचा. एक नंबर प्रेमराज. दर शुक्रवारी नवा सिनेमा लागला की मशीनपुढे नारळ फोडायचा मान प्रेमराजचा, आणि रुपचंद बाजूला खोबरं गोळा करायला. जळायचा हो तो! तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा. स्वतःच सांगतो.

तेव्हा सिनेमा रिळांवर यायचा, आणि रिळं दोन मशीनवर आलटूनपालटून चालायची. एक रीळ संपत आलं की पडद्यावर वर, उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा. पहिला ठिपका म्हणजे तयार राहा. सात सेकंदांनी दुसरा, म्हणजे हे मशीन बंद, ते चालू. प्रेमराजचा हात असा की पब्लिकला पत्ता लागत नसे. टॉकीजचे शेठ चारचौघांत म्हणायचे, "असा हात धुळ्यात दुसरा नाही." रुपचंदला ते सोसवेना. एका शुक्रवारी त्याने दुसऱ्या ठिपक्याचा तुकडाच कापला आणि रीळ पुन्हा चिकटवून ठेवलं.

प्रेमराज ठिपक्याची वाट बघत उभा. रीळ संपलं, पडदा पांढराफटक. शिट्ट्या, शिव्या, चपला. त्याच रात्री त्याने नोकरी सोडली आणि बोदवडला लेकीकडे गेला. रुपचंदचं मात्र करायला गेला गणपती, झालं माकड. नारळ शेठ स्वतःच फोडू लागले. पुढे टॉकीज बंद पडली. तीन वर्षांपूर्वी प्रेमराजही गेला.

मागच्या डिसेंबरात शेठच्या सूनबाईंचा, हेमांगीताईंचा फोन आला. "काका, उद्या मशीन भंगारात जाणार. शेवटचा नारळ तुम्ही फोडा." रुपचंद हरखला. सोळा तारीख, मंगळवार, रात्री पावणेनऊ. नारळ घेऊन पोचला.

वॉचमन भटू म्हणाला, "आबा, वरे लाईट नई शे. बॅटरी लई जा. मी येऊ का संगे?"

"नको. मी एकलाच जास."

मान वाटून घ्यायचा नव्हता ना त्याला.

केबिनमध्ये धूळ. भिंतीवर प्रेमराजचा फोटो, तो गेल्यावर शेठच्या घरच्यांनी लावलेला, सुकलेला हार घातलेला. मेल्यावरही हाच इथे! रुपचंदने फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवला. एक नंबरच्या मशीनपुढे उभा राहिला. नारळ उचलला.

नऊ वाजले.

मशीन फिरू लागलं.

रीळ नव्हतं. वायर कापलेली. तरी फिरत होतं... झरोक्यातून उजेड गेला. खाली फाटका पडदा उजळला. वर, उजव्या कोपऱ्यात...

ठिपका.

मानेमागून आवाज आला. हळू. ओळखीचा.

"रुपचंद, पहिला ऊना. तयार ऱ्हाय."

...

नारळ हातातून पडला. फुटला नाही. जिना कसा उतरला, त्याला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन भंगारात गेलं, मग टॉकीजही पाडली. म्हटलं, संपलं. पण काल मी त्याच्या घरी गेलो होतो. खाटेसमोरची भिंत, वर उजवा कोपरा. तिथे बोटाएवढा काळा ठिपका. त्याच्या बायकोने, भागाबाईने, तीनदा चुना फासला. रात्री नऊला पुन्हा उमटतो. रुपचंद खाटेवर बसून तिकडेच बघत असतो. जेवायलाही उठत नाही.

ठिपका अजून एकच आहे.