मऊ चालीची गाडी

धाकट्या दिराने नव्या मोटारीची किल्ली वहिनींच्या तळहातावर ठेवली, तेव्हा त्यांच्या मनात आनंदाच्या आधी भय उमटले. आणि त्या भयाची लाज वाटून त्या अधिकच हसल्या.

"आता ते जुनं धूड जाऊ दे," तो म्हणाला. "गिऱ्हाईक दुपारी येतंय. दादा, तुझी नवाबी संपली."

थोरला भाऊ छापखान्यात मुद्रिते तपासणारा. एक चुकलेला अनुस्वार दिसला तरी तडकन बोलणारा हा माणूस या एका बाबतीत कधी उत्तर देत नसे. त्याने चष्मा पुसला आणि पत्नीकडे पाहिले. तिने मान किंचित हलवली... नको, बोलू नका.

दारातली ती जुनी जपानी सेडान त्या घराच्या ऐपतीला शोभणारी नव्हती, हे मान्यच करायला हवे. पेट्रोल ती घटाघटा पीत असे. परंतु ऐश्वर्य म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांत भरणे, ही समजूतच मुळात चुकीची आहे. त्या गाडीचे ऐश्वर्य दाखवण्यात नव्हते, सोसण्यात होते. इंजिन चालू की बंद, हे पाहायला काट्याकडे वळावे लागे. दार लावले की रस्त्याचा गलबला उंबऱ्याबाहेर राही. राखी मखमलीची आसने अंग सावकाश झेलून घेत. आणि खड्डा आलाच, तर तो चाकांखाली कुठेतरी विरून जाई, बसणाऱ्यापर्यंत पोचतच नसे. जणू मागे बसणाऱ्या एखाद्या थकल्या जिवाची काळजी वाहतच कोणी ती घडवली होती.

वहिनींना त्या एकाच गाडीत बसवत असे.

पूर्वी एका संध्याकाळी धाकटा मोटार चालवत असता वळण चुकले होते. त्याला खरचटले, वहिनींचा कणा दुखावला. आईमागे ज्याला त्यांनी घास भरवून वाढवले, त्या पोराने पुढे स्टिअरिंगला हात लावणे सोडले, मग जेवणही. तेव्हा एके सकाळी काठी कपाटाआड लपवून वहिनी त्याच्यासमोर अंगणभर चालल्या. "बघ, ठणठणीत आहे मी." त्या असत्यावर तो उभा राहिला, आज गावभर त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाट्या होत्या. ते असत्य आता कोणत्या तोंडाने मोडायचे?

"चला, एक फेरी मारू," तो म्हणाला.

नवी मोटार उंच, ताठ, देखणी होती. थोरला चालवायला बसला, धाकटा सवयीने त्याच्या शेजारी, वहिनी मागे. बाजार ओलांडून खडबडीत रस्ता लागला आणि पहिल्याच धक्क्याला कमरेतून वीज चमकून गेली. त्यांनी ओठ दातांखाली धरला. थोरल्याने वेग अगदी कमी केला.

"दादा, तो दूधवाला सायकलवरून पुढे गेला. काही लाज?"

"जाऊ दे. त्याचं दूध नासेल."

"आणि हा आरसा कसा लावलायस? मागचा रस्ता दिसतो तरी का? शिकाऊ पोरांनाही मी हे पहिल्या दिवशी सांगतो."

असे म्हणत त्याने आरशाला हात घातला... आणि वळवता वळवता तो हात थांबला. काचेत रस्ता नव्हता, वेदनेने डोळे मिटलेला वहिनींचा चेहरा होता. थोरल्याने आरसा पत्नीच्या चेहऱ्यावर लावला होता. वहिनींनी डोळे उघडले, तेव्हा समोर काचेत दिराचे डोळे होते. हसायला त्यांना क्षणभर उशीर झाला.

"गाडी बाजूला घे, दादा."

गाडी थांबली. तो उतरून मागच्या दाराशी आला. "कधीपासून?"

"काही नाही रे, उसण भरलीय जरा..."

"वहिनी, कधीपासून?"

"तेव्हापासून," थोरला पुढूनच म्हणाला. "तिने मला शपथ घातली होती."

धाकट्याच्या चेहऱ्यावर आधी अश्रू आले नाहीत, संताप आला. "चूक माझी होती. ती माझ्यापासून लपवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? माझ्या गाडीत बसायचं तू टाळायचीस, वहिनी... मला वाटायचं, तुझा माझ्यावर भरवसा उरला नाही. आणि दादाला मी चारचौघांत नवाब म्हणत राहिलो."

"ते एक बरं होतं," थोरला म्हणाला. "छापखान्यात कोण म्हणतंय?"

वहिनींचे काळीज गलबलले. ज्याला दुःखापासून राखले म्हणून त्या मनोमन समाधान मानीत होत्या, त्याला आपणच केवढे एकटे ठेवले होते...

"तू जेवत नव्हतास रे," त्या म्हणाल्या. "त्यापुढे मला माझी पाठ दिसलीच नाही."

त्याने त्यांच्या गुडघ्यांवर डोके टेकले आणि लहानपणी रडे तसाच, आवाज न करता, रडला.

मग त्याने गिऱ्हाइकाला फोन करून गाडी विकायची नसल्याचे कळवले, रिक्षाने घरी गेला आणि जुनी सेडान घेऊन आला. थोरला नवी मोटार घेऊन मागून येणार होता. वहिनी मागच्या आसनावर टेकल्या. धाकट्याने स्टिअरिंग हाती घेतले.

"दुखलं तर सांगशील?"

सोसण्याची सवयही सुटता सुटत नाही. "सांगेन," अखेर त्या म्हणाल्या.

गाडी निघाली. खड्ड्यामागून खड्डे चाकांखाली विरत गेले. नाल्यावरच्या उंचवट्यापाशी मात्र एक कळ उठलीच. जुन्या गाडीलाही सगळेच झेलता येत नाही. वहिनींनी ओठ आवळला... मग सोडला.

"इथे दुखलं," त्या म्हणाल्या.

दिराने मान डोलावली आणि वेग कमी केला.